किती डॉलर मिळाले? (भरती, बेळगाव आणि काँगो)

पिट्टू

रामराम मंडळी. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, त्याला आता काही वर्षं झाली. नोकरीतलं एक वर्ष युनोच्या शांतिसेनेत, काँगोमध्ये काढलं. पै-पाहुण्यांत, लग्नाच्या मांडवात, पारावर, कुठेही हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती डॉलर मिळाले?" दुसरा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. म्हटलं, पहिल्याचं उत्तर एकदाचं देऊन टाकावं आणि न विचारलेलंही थोडं सांगावं. पलटणीचा नंबर आणि माणसांची नावं लिहिणार नाही, समजून घ्या.

आधी पैशाचं. शांतिसेनेला माणसं देणाऱ्या देशाला युनो दर जवानामागे महिन्याला ठरावीक रक्कम देते. २००२ पासून ती १,०२८ डॉलर होती, २०१४ साली १,३३२ झाली, २०१८ च्या जुलैत १,४२८, आणि पुढे आणखी वाढली. ही रक्कम सरकारकडे जाते, जवानाच्या खिशात नाही. जवानाला आपलं सरकार पगाराशिवाय परदेश भत्ता देतं. युनोकडून थेट हातात पडतात ते रोजचे १ डॉलर २८ सेंट. हो, एवढेच. पण भत्ता धरून वर्षाकाठी येणारा पैसा आमच्यासारख्याच्या घराला मोठाच होता, ते कशाला नाकारू? विहिरीचं कर्ज त्यात फिटलं आणि धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं. पलटणीचं नाव मिशनला लागल्याचं कळलं तेव्हा बराकीत जो धिंगाणा झाला तो काही जगाच्या शांततेसाठी नव्हता. हे वाचून कुणाच्या मनाला लागलं तर लागू दे. पैशासाठी गेलेल्या त्याच पोरांनी तिथे काय केलं, तेही पुढे सांगतो.

भरती. साताऱ्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण परत आले नाहीत. आमचं गाव एवढं नामी नाही, पण चुलते फौजेत होते, त्यामुळे बारावीनंतर काय करायचं यावर घरात फार खल झाला नाही. मेळाव्याच्या आदल्या रात्री एसटी स्टँडवर वर्तमानपत्र अंथरून पडलो. पहाटे तीनला रांग. पहिली पट्टी उंचीची, १६८ सेंटिमीटर. माझ्या पुढचा मुलगा मान ताणून उभा होता. मोजणाऱ्या साहेबांनी खाली वाकून त्याच्या टाचेखाली बोट घातलं, टाच उचललेली सापडली. कुणी रागावलं नाही, नुसतं "पुढचा" म्हणाले. तो पोरगा बराच वेळ दोराच्या पलीकडे उभा राहून आमच्याकडे बघत होता.

मग १.६ किलोमीटर. साडेपाच मिनिटांत पोचलात तर पूर्ण ६० गुण, पुढच्या पंधरा सेकंदांत ४८, आणि वेळ संपली की दोरी आडवी. मागून येणारी पोरं छातीने तिच्यावर आदळतात, काही खालून घुसायला बघतात. मी कसा आत आलो ते आजही नीट सांगता येणार नाही. शेवटच्या वळणाला कुणाचं तरी कोपर बरगडीत बसलं, एवढंच आठवतं.

बेळगावला मराठा सेंटरवर पोचलो तो धो धो पाऊस. लाल चिखल, डोक्यावर काळी ट्रंक. पहिल्या दिवशी न्हाव्याने सगळ्यांना सारखं करून टाकलं. तेव्हा ट्रेनिंग ३४ आठवड्यांचं होतं, १९ बेसिक आणि पुढे अॅडव्हान्स. लाइट इन्फंट्रीची चाल इतरांपेक्षा जलद असते, त्यामुळे आमची ड्रिल वेगळीच रग काढते. येळ्ळूरच्या गडाकडे पिट्टू, म्हणजे सामानाची जड पिशवी, पाठीवर घेऊन पळायचं, परत येऊन रायफल कोतात (हत्यारांच्या खोलीत) जमा करायची, मग लंगर, मग बूट. रात्री बूट चमकवताना झोपेत माणूस पुढे कलंडतो आणि ब्रश हातात तसाच राहतो.

रगडा, म्हणजे शिक्षेचा व्यायाम, सगळेच लिहितात, फ्रंट रोल, मुर्गा वगैरे. त्याचं मला फार काही वाटत नाही. शरीर सहा-आठ आठवड्यांत तयार होतं, त्या वयात कुणाचंही होईल. खरी मेख होती नुसतं उभं राहण्यात. आमचे उस्ताद कोकणातले, आवाज बारीक पण मैदानाच्या टोकापर्यंत जाणारा. पावसात सावधान. टोपीवरून थेंब नाकावर, नाकावरून ओठावर. उस्ताद मागून फिरायचे आणि म्हणायचे, "नाकावर माशी बसली असेल तर ती माशीची ड्यूटी आहे, तुझी नाही." बोट हललं की सगळ्या स्क्वॉडला मैदानाची फेरी. संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा, शिकवताना तर रात्ररात्र "थम! कौन आता है?" आणि पुढे शांतता. आम्ही मनात शिव्या घालायचो की लढाईचं शिकवा, हे खांबासारखं काय उभं करता?

कसम परेडला आई-वडील आले होते. रांगेपुढून धर्मगुरू ग्रंथ घेऊन जातात, त्यावर हात ठेवायचा, समोर तिरंगा. आता आई-वडिलांना तिथेच गौरव पदक देतात, आमच्या वेळी नव्हतं. वडील परेडबद्दल काही बोलले नाहीत. जेवताना आईला म्हणाले, "बारीक झालाय, पण हात बघ त्याचे."

काँगोचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, एका बोटाने टायपिंग आहे.

पळता_भुई

दादा, जबरदस्त. पुढचा भाग लवकर टाका. मी भरतीची तयारी करतोय. दोरीचं वाचून पोटात गोळा आला. बीमबद्दल (पुल-अप्स) विचारायचंय, पण आधी तुमचं होऊ द्या.

दख्खनी

पिट्टू, छान लिहिताय. तुम्ही पुढचा भाग लिहीपर्यंत थोडी भर घालतो, कारण मराठ्यांची परदेश नोकरी युनोपासून सुरू होत नाही.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. दाणागोटा संपत आला तेव्हा घोडे कापले गेले, तेही कित्येक हिंदी शिपायांनी बराच काळ खाल्ले नाहीत. शरण गेल्यावर कैदेत किती जण मेले, त्याच्या कथा वेगळ्याच. बेळगावच्या सेंटरमधलं शरकत स्मारक ज्या लढाईचं आहे तीही तिथलीच, १९१८ ची, टायग्रिसच्या काठची.

दुसऱ्या महायुद्धात इटली. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, वय २२, १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे पडले. ते एकटे धावले, ग्रेनेड टाकून गन बंद केली, एकाला गोळीने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं स्मारक झालं, त्यात सूर्यघड्याळ आहे.

स्वातंत्र्यानंतर कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीला जी आपली कस्टोडियन फोर्स गेली होती (१९५३-५४), तिचे प्रमुखही आपल्याकडचेच, जनरल एस. पी. पी. थोरात.

आणि डॉलरचा विषय निघालाच आहे तर, पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. त्या गावांतून लोक का गेले, याचं उत्तर देताना आपण शौर्य पुढे करतो आणि दुष्काळ, सारा, सावकार मागे ठेवतो. दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

पिट्टू

दख्खनी, घाडगेंचं नाव सेंटरवर रंगरूटालाही पाठ असतं. ११ रुपयांचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मधली वर्षं भराभर सोडतो. जम्मू-काश्मीर, मग राजस्थानची रेती, मग परत वर. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मिशनला नाव लागल्यावर आधी दिल्ली. तिथे युनोच्या कामाचं ट्रेनिंग देणारं आपल्या लष्कराचं केंद्र आहे. पिवळ्या तापाची लस टोचून पिवळं कार्ड मिळतं, ते पासपोर्टइतकंच जपायचं. हिवतापाच्या गोळ्या. गाड्यांना पांढरा रंग, डोक्यावर निळी टोपी. खिशात ठेवायला छोटं कार्ड: काय करायचं, काय नाही, कुणाला हात लावायचा नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही. गोळी कधी चालवायची याचे नियम वेगळे, आणि ते घोकून घेतात. काश्मीरमध्ये समोर कोण आहे हे साधारण ठाऊक असायचं. इथे समोर पाच-सहा गट, त्यातला कोणता आज कुणाच्या बाजूने आहे ते सकाळी ब्रीफिंगमध्ये सांगणार, आणि संध्याकाळपर्यंत ते बदललेलं असणार.

गोमा हे काँगोच्या पूर्वेचं शहर. तिथे विमान उतरलं तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती काळा दगड. न्यिरागोंगो ज्वालामुखी २००२ ला फुटला, लाव्हा शहरातून वाहत सरोवरात गेला, विमानतळाच्या धावपट्टीचं एक टोकही त्याखाली गेलं होतं. त्याच दगडाच्या भिंती, त्याचेच रस्ते, त्याच दगडावर पोरं अनवाणी खेळतात. रात्री डोंगराच्या माथ्यावर लाल उजेड असतो. पहिल्या आठवड्यात सगळे त्याचे फोटो काढतात, मग कुणी वर बघत नाही.

दुसरी गोष्ट चुकुडू. पूर्ण लाकडाची दोनचाकी, ढकलायची आणि उतारावर उभं राहून सोडून द्यायची. त्यावर कोळशाची पोती, बटाटे, केळीचे घड, कधी एक अख्खं कपाट. आमच्यातला एक जण मूळचा सुतार. तो प्रत्येक चुकुडूजवळ थांबून चाक बघायचा. एकदा एका पोराने त्याला चालवायला दिली आणि हा उतारावर ती सोडून स्वतः गवतात जाऊन पडला. आख्खा बाजार हसला. त्यानंतर आम्हाला पाहून लोक दारं लावून घ्यायचे, ते कमी झालं. योगायोग असेल.

आमचं ठाणं मासिसीच्या बाजूला, एका टेकाडावर. काटेरी तारा, वाळूची पोती, पांढरे तंबू, खाली गाव, पलीकडे रानातून पळून आलेल्या लोकांच्या झोपड्यांची वस्ती. डोंगर हिरवेगार, थंडी, रोजचा पाऊस, उतारावर गाई. पाटण-कोयनेकडचा माणूस तिथे पहिले दोन दिवस गप्पच होतो, इतकं ते आपल्या मुलखासारखं आहे. मग रात्री लांबवर गोळीबार ऐकू येतो आणि मुलूख आपला नाही हे लक्षात येतं.

काम काय होतं? दिवसा पेट्रोल (गस्त), रात्री पेट्रोल, आणि बाजाराच्या दिवशी बायकांची सोबत. हेच शेवटचं जरा सविस्तर सांगतो.

बाजार ठाण्यापासून डोंगरापलीकडे होता. मधल्या रानात हत्यारबंद टोळ्या. बाया एकट्या गेल्या तर माल जायचा, आणि माल गेला एवढ्यावरच भागलं तर नशीब म्हणायची पाळी. म्हणून बाजाराच्या दिवशी एक पेट्रोल पुढे, एक मागे, मध्ये त्या. पाठीवर बटाट्याचं, कोळशाचं ओझं, आणि त्या ओझ्याचा पट्टा कपाळावर. मान पुढे काढून, जमिनीकडे बघत चालायच्या. पट्ट्याने कपाळावर कायमची खाच पडलेली असायची, म्हाताऱ्यांच्या तर बोट बसेल एवढी. आम्ही पिट्टू वाहणारी माणसं, आम्हाला वजनाचा अंदाज आहे. एकीचं ओझं मी उतरवायला मदत केली तेव्हा दोन्ही हातांनीही ते जेमतेम हललं.

माझी ड्यूटी मोजायची. जाताना मोजायच्या, येताना मोजायच्या. एकदा संध्याकाळी एक कमी भरली. परत मोजल्या, तरी एक कमी. अंधार पडत होता, पाऊस सुरू झालेला, वायरलेसवर ठाण्याकडून विचारणा चालू, की का थांबलात? कंपनी कमांडर साहेब सोबत होते, ते म्हणाले, थांबायचं. आमचा दुभाषा तिथलाच, शिकलेला पोरगा. तो बायकांच्या घोळक्यात शिरला. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आणि आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, तोंडं रानाकडे करून उभे. गोळी चालवायची नाही, पुढे जायचं नाही, मागे फिरायचं नाही. नाकावरून थेंब ओठावर. तेव्हा मला बेळगावचे उस्ताद आठवले, खोटं कशाला बोलू.

अर्ध्या-पाऊण तासाने उलगडा झाला. बाईचे बटाटे चांगल्या भावाने गेले, म्हणून ती बाजारालगतच्या बहिणीकडे मुक्कामाला थांबली होती. मैत्रिणीजवळ निरोप ठेवलेला, आणि मैत्रीण सांगायला विसरली. ती मैत्रीण मग आमच्यासमोर इतक्या शिव्या खात होती की भाषा कळायची गरज नव्हती. पुढच्या बाजाराला ती बहिणीकडे राहिलेली बाई माझ्यासमोर आली, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, एक बोट वर केलं आणि हसत निघून गेली. मी आहे, मोज.

वर्षभरात मी रागाने एकही गोळी चालवली नाही. गावात हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो.

चिकित्सक

लिखाण आवडलं, पण एक बाजू राहतेय. २०१० च्या जुलैअखेरीस वालिकाले भागात लुवुंगी आणि आसपासच्या खेड्यांवर टोळ्यांनी चार दिवस हल्ला केला, तीनशेहून जास्त लोकांवर बलात्कार झाले. तिथून साधारण तीस किलोमीटरवर शांतिसेनेचं ठाणं होतं, आणि ते भारतीय तुकडीचं होतं. नोव्हेंबर २०१२ ला एम-२३ या बंडखोर गटाने गोमा घेतलं तेव्हाही निळ्या टोप्या बघत राहिल्या. २०२५ च्या जानेवारीत गोमा पुन्हा पडलं. मग एवढ्या वर्षांचा आणि डॉलरचा उपयोग काय?

पिट्टू

चिकित्सक, प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही.

लुवुंगीबद्दल मी तिथल्या तुकडीत नव्हतो, पण आमच्या ट्रेनिंगमध्ये तो विषय होता. आपण कमी पडलो हे युनोनेच जाहीर मान्य केलं. नकाशावर तीस किलोमीटर म्हणजे पुण्यातल्या पुण्यात वाटतं. तिथे तो चिखलाचा रस्ता, मध्ये दाट रान, खेड्यात मोबाइलची रेंज नाही, आणि ठाण्यावर लोकांची भाषा बोलणारा माणूस नाही. काही दिवसांनी बातमी कळली. ही कारणं आहेत, माफी नाही. ज्या बाईवर हे गुदरलं तिला रस्त्याच्या अवस्थेशी काय देणंघेणं? पण त्यानंतर काय बदललं ते मी पाहिलंय. कंपनीबरोबर स्थानिक दुभाषे, गावच्या मुखियाकडे फोन, रात्रीची पेट्रोल, बाजाराची सोबत. वर जे मोजण्याचं लिहिलं ते उगाच नव्हतं. आधी कुणी मोजलं नव्हतं म्हणून आम्ही मोजत होतो.

गोमा पहिल्यांदा पडलं तेव्हा आमची पलटण परत आलेली होती, टीव्हीवर पाहिलं. आमचं काम होतं तिथल्या सरकारी फौजेला साथ द्यायचं. ती फौजच शहर सोडून गेली तर निळी टोपी कुणाला साथ देणार? त्यानंतर मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावीची वेगळी ब्रिगेड उभी केली, तिला थेट हल्ल्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षी एम-२३ हरली. पुढे ती परत उठली. म्हणजे बंदुकीची मुभा देऊनही कायमचं काही झालं नाही. त्या डोंगरात कोल्टन नावाचं महाग खनिज आहे, सोनं आहे, शेजारी देश आहेत. फौजेच्या एका कंपनीने ते सुटणार नव्हतं. बाजार मात्र भरत होता. मला एवढंच ठामपणे सांगता येतं.

सुभेदार_निवृत्त

रामराम हवालदार. मी श्रीलंकेत होतो, ऑपरेशन पवन. तुमचं वाचून चार ओळी लिहाव्या वाटल्या.

आम्हीही शांतिसेनाच होतो, नावात तरी. जुलै १९८७ मध्ये करार झाला, सांगितलं होतं की हत्यारं जमा करून घ्यायची आणि परत यायचं. ऑक्टोबरमध्ये लढाई सुरू झाली. ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांच्याच पोरांनी रस्त्याखाली सुरुंग पेरलेले. ताडाच्या झापांची कुंपणं, प्रत्येक घरापुढे विहीर, प्रत्येक मोरीखाली संशय. तुमच्याकडे नियमांचं कार्ड होतं, आमच्याकडे नकाशेही धड नव्हते. आपले अकराशेहून जास्त जवान गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रास बंदराला लागली तेव्हा स्वागताला त्या राज्याचे मुख्यमंत्रीसुद्धा आले नाहीत. डॉलरचा प्रश्नच नव्हता. विदेश सेवा मेडल मिळालं, ते आहे कपाटात.

आज कोलंबोजवळ श्री जयवर्धनपुरा कोट्टे इथे आपल्या जवानांच्या नावांचं स्मारक आहे. ते त्यांनी बांधलं, आपण नाही. राग नाही, पण नोंद असावी.

तुम्ही गोळी न चालवता परत आलात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. चालवून आलेल्यांना विचारा.

पिट्टू

साहेब, जय हिंद. तुमच्यापुढे मी काय बोलणार. आमचे एक सुभेदार मेजर साहेब जाफन्याला होते. त्यांना मोरीवरून गाडी गेलेली शेवटपर्यंत आवडायची नाही, साताऱ्याच्या हायवेवरसुद्धा ड्रायव्हरला हळू घे म्हणायचे.

वहिनीसाहेब

नमस्कार. आमचे हे लेबनॉनला होते, युनोच्याच मिशनवर. तिथलं काम निराळं, इस्रायलच्या बाजूची ब्ल्यू लाइन, म्हणजे युनोने आखलेली रेषा, तिच्यावर पहारा. आपले जनावरांचे डॉक्टर तिथल्या शेळ्या-गाई तपासायचे, त्यामुळे लोक भारतीयांना फार मानायचे, असं हे कौतुकाने सांगतात.

पण पिट्टूभाऊ, तुम्ही निम्मंच लिहिलंत. इकडचं कोण लिहिणार? वर्षभर फॅमिली नाही न्यायची. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे इकडे साडेदहा-साडेअकरा. पोरं झोपलेली. त्यांना उठवून "पप्पांशी बोल" म्हटलं की ती रडायची, नाही उठवलं तर हे हिरमुसायचे. आणि डॉलर! यांचं विमान उतरायच्या आधीच नात्यातल्या तिघांनी उसने मागितले होते. एकाला दिले, दोघांना नाही. दोघं बोलत नाहीत आणि ज्याला दिले तोही आता तोंड चुकवतो.

आल्यावर हे पहिले काही महिने जेवायला भिंतीकडे पाठ करून बसायचे. मी कधी विचारलं नाही. ताट तिकडेच मांडायला लागले.

पिट्टू

वहिनी, खरं आहे. फोनचं तुम्ही लिहिलंत ते वाचून घरच्यांना वाचायला दिलं. "बघा, मी म्हणत होते" एवढं ऐकायला मिळालं. उसन्यांचं तर आमच्याकडेही तेच झालं, ती यादी मी इथे टाकत नाही, त्यातले दोघं हे वाचत असतील.

दख्खनी

वहिनीसाहेब, तुम्ही वेगळा धागा काढाच. कूटच्या कैद्यांबद्दल पुस्तकं मिळतात, त्यांच्या घरी त्या काळात काय चाललं होतं याबद्दल ओळही मिळत नाही.

वहिनीसाहेब

बघते. दहावीचं वर्ष आहे मुलीचं, मार्चनंतर.

पळता_भुई

सगळ्यांना सलाम. पिट्टू दादा, आता माझं. १.६ किमी पाच चाळीसला येतोय. बीम आठ मारतो, नववा अर्धवट राहतो. लेखी परीक्षा आता आधी होते, ती पास झालो आहे. मैदानाला दोन महिने आहेत. काय करू? आणि घरचे म्हणतात चारच वर्षांची नोकरी, कशाला जातोस.

पिट्टू

घरच्यांचं आधी. २०२२ पासून अग्निपथ आहे. चार वर्षं, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत लोकांना कायम करतात. म्हणजे चौघांतले तिघं परत येणार हे धरूनच जायचं. मी असतो तर गेलो असतो, पण शिक्षण सोडून नाही. बारावी झाली असेल तर पदवीला बाहेरून नाव घालून ठेव. घरच्यांशी भांडू नकोस, ते चुकीचं बोलत नाहीत.

आता मैदान. आठ बीमला २७ गुण, नऊला ३३, दहाला ४०. पाच चाळीसला ४८. म्हणजे आज तू ७५ वर आहेस. धावण्यात दहा सेकंद कमी केलेस तर बारा वाढतात, बीमवर दोन वाढवलेस तर तेरा. दोन महिन्यांत दोन्ही होतं, पण रोज पूर्ण १.६ पळत बसू नकोस, त्याने वेळ कमी होत नाही, गुडघे मात्र जातात. आठवड्यातून दोनदा ४०० मीटरचे तुकडे पाड, प्रत्येक ऐंशी सेकंदांच्या आत, मध्ये दीड-दोन मिनिटं चाल. एकदा लांब आणि सावकाश. एकदा पूर्ण अंतर, घड्याळ लावून, आणि तेही चार-पाच पोरांच्या गर्दीत. एकट्याने पळणारा मैदानात धक्क्याने गडबडतो. सुरुवातीला पुढे घुसू नकोस, पण दुसऱ्या फेरीपर्यंत बाहेरच्या बाजूने पहिल्या दहात ये.

बीमला नववा अर्धवट राहतो कारण तू खाली येताना हात सोडून देतोस, नव्याण्णव टक्के तेच असणार. खाली हळू ये. रोज सकाळी पाच-पाचचे चार सेट मार, आणि प्रत्येक सेटच्या शेवटी नुसतं लटकून राहा, जमेल तितका वेळ. पकड आधी सुटते, दंड नंतर थकतो. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅगला गुण नाहीत, पण पास व्हावंच लागतं, त्याची एक-दोनदा सवय कर. कानातला मळ आणि दात आत्ताच डॉक्टरला दाखवून घे. मेडिकलला पोरं त्यावरून अडकतात आणि मग फेऱ्या घालत बसतात.

पुढच्या रविवारी वेळ लावून पळ आणि इथे टाक.

पळता_भुई

टाकतो दादा. सुभेदार साहेब, तुमचाही आशीर्वाद असू द्या.

सुभेदार_निवृत्त

आहेच. बूट नवे घालून मैदानात जाऊ नकोस. जुनेच घाल.